तीनशे अडुसष्ट वॅट

आमच्या घरात तोंडी हुकूम चालत नाहीत. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात बत्तीस वर्षं होते, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, आणि मीही गेली सव्वीस वर्षं दुसऱ्या एका मंत्रालयात आदेशांचे मसुदे लिहिते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मी लहान असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं म्हटलं तरी बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "लेखी दे." मी अर्ज लिहायची. ते कोपऱ्यात 'मंजूर, परंतु सातच्या आत' असं लिहून तारखेसकट सही करायचे. आई वैतागायची, म्हणायची, बापलेकीने घराचं दफ्तर करून टाकलंय. आई गेली, क्वार्टर सुटलं, आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत आलो, तरी ही सवय काही गेली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर धूर उतरला आणि बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकले. दहा दिवस हॉस्पिटलात काढून ते घरी आले ते एका मशीनसकट. छोट्या कपाटाएवढं मशीन, खाली चाकं. ते खोलीतली हवा ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करतं आणि पातळ नळीने नाकाशी पोचवतं. दिवसाचे किमान अठरा तास लावायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, "और अगर लाइट चली जाए तो?" ते म्हणाले, "वो तो आपको देखना पड़ेगा."

मग मी तेच बघत बसले. नवऱ्याची बदली गुवाहाटीला झालेली. बाबा माणूस ठेवू देईनात. "चोवीस तास कुणी माझ्याकडे बघत बसलं तर मी तसाच मरेन," असं त्यांचं म्हणणं. सकाळी स्वयंपाकाला बाई यायच्या, बारा वाजता जायच्या. बारापासून सहापर्यंत घरात बाबा आणि ते मशीन. कोपऱ्यात एक छोटं सिलेंडर होतं, दोन तास पुरेल एवढं, पण त्याची चावी बाबांच्या सांधे धरलेल्या बोटांना फिरत नसे. इनव्हर्टर मागवला होता. दुकानदार रोज "बस, परसों" म्हणायचा, आणि शेवटी शनिवार ठरला. माझी रजा त्याच्या आदल्या रविवारीच संपत होती.

तोवर भिस्त होती ती सोसायटीच्या जनरेटरवर. त्याचा नियम असा की जनरेटरवर असताना प्रत्येक फ्लॅटला एक हजार वॅट. त्याच्या वर एक दिवा जास्त झाला तरी मीटर त्या फ्लॅटची लाइट तोडतो. थोड्या वेळाने आपणहून जोडून बघतो, पुन्हा जास्त दिसलं की पुन्हा तोडतो. असं चारदा झालं की कायमची बंद, मग इलेक्ट्रिशियन खाली येऊन चालू करेपर्यंत बसा.

हे आम्हाला कळलं ते त्याच रविवारी. मी औषधं आणायला खाली गेले होते. लाइट गेली, जनरेटर आला, आणि बाबांना दूध गरम करायची हुक्की आली. मायक्रोवेव्ह बाराशे वॅटचा. मीटरने चारदा तोडली आणि गप्प झाला. मी वर आले तेव्हा मशीन बंद पडल्याची टिटी वाजत होती आणि बाबा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते, खांदे वरखाली करत, माशासारखं तोंड उघडून. मी सिलेंडर चालू केलं. वीस मिनिटांनी लाइट आली. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या यंत्राने नव्वद दाखवलं आणि मग मी ओरडले.

मी आयुष्यात कधी बाबांवर ओरडले नव्हते. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. "तुम्हाला मरायचंय का?" मी म्हणाले. "तसं असेल तर सांगून टाका, म्हणजे मी तरी निवांत ऑफिसला जाईन." एवढ्यावर थांबले नाही. दूध, मायक्रोवेव्ह, माणूस ठेवू न देणं, सगळं काढलं. आवाज जिन्यात गेला असणार. ब्याऐंशी वर्षांचा माणूस नाकात नळी घालून ऐकत होता. मी दमून गप्प झाले तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. लेखी दे."

मग आम्ही हिशेबाला बसलो, आणि मला वाटतं त्या आठवड्यातला तेवढाच वेळ बरा गेला. बाबा पदार्थविज्ञानाचे पदवीधर, सांगलीचे. क्वार्टरच्या ओट्यावर आजूबाजूच्या पोरांना फुकट शिकवायचे. मला दहावीत ओहमचा नियम त्यांनीच शिकवला होता. नुसता आकडा लिहिला की पेन्सिल आपटायचे: "पाच काय? पाच आंबे?" इनव्हर्टर ठरवायला गेले होते तेव्हा मी चांदणी चौकाच्या इलेक्ट्रिक बाजारातून एक मीटर आणला होता. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये तो अडकवायचा, की किती व्होल्ट आहेत आणि किती अँपिअर जातात ते दाखवतो. वॅटही दाखवणारा दुसरा होता. बाबा फोनवर म्हणाले होते, "त्याची काय गरज? गुणाकार येतो ना तुला?"

एकेक वस्तू मीटरला लावत गेलो. फ्रीज: २३० व्होल्ट, ०.७ अँपिअर, म्हणजे १६१ वॅट. हवा शुद्ध करायचं यंत्र ४६. टीव्ही ८०. सगळे दिवे मिळून ४५. वाय-फाय १०. आणि बाबांचं मशीन: २३० व्होल्ट, १.६ अँपिअर. मी गुणाकार केला, ३६८.

"मागे बघ काय लिहिलंय," बाबा म्हणाले.

मशीनच्या पाठीवरच्या पट्टीवर ३३० वॅट लिहिलं होतं.

"बरोबर आहे ते," बाबा म्हणाले. "आत मोटर आहे. मोटरच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की थोडं जास्तच येतं. खरे वॅट कमी असतात. इस्त्री, गिझर यांचं तसं नाही, त्यांच्यात नुसता रोध असतो, तिथे गुणाकार चोख."

"राहू दे. मी ३६८च धरते. जास्त धरलेलं बरं."

"चुकीचं आहे, पण."

"बाबा, प्लीज."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ते हसले आणि म्हणाले, "बरं. लिही."

मी ३६८ लिहिलं. बेरीज ७१० आली. म्हणजे २९० वॅट शिल्लक. त्या दोनशे नव्वदांमुळे मला त्या दिवशी जेवण गेलं. मग मी तक्ता केला, मोठ्यापासून लहानापर्यंत. वर गिझर, किटली, मायक्रोवेव्ह, साडेसातशे वॅटची इस्त्री. त्या सगळ्यांपुढे 'बंद', आणि तशी मी त्यांची बटणंही बंद करून ठेवली. खाली नेहमीच्या चालू वस्तू. त्यांत पहिलं बाबांचं मशीन. तक्त्याखाली सूचना लिहिल्या, ऑफिसात लिहिते तशाच:

'१. जनरेटरवर एकूण १००० वॅटच्या वर जाऊ नये. २. काही नवीन लावायचे असल्यास चालू असलेल्यांपैकी सर्वात जास्त वॅटचे आधी बंद करावे, बेरीज तपासावी व मगच लावावे. ३. शंका असल्यास फोन करावा.'

खाली सही केली, तारीख घातली, फ्रीजच्या दारावर लावलं. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि 'पाहिले' असं लिहून त्यांचीही सही केली. मला बरं वाटलं. इतकं बरं, की सोमवारी मेट्रोत बसल्यावर मी चक्क डुलकी काढली.

सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. मी दर तासाला फोन करायची. शेजारच्या टेबलावरच्या बाई एकदा म्हणाल्या, "मॅडम, अंकल जी को सोने भी दिया करो." बरोबर होतं त्यांचं. पण सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणी तरी लिहायचं, की धूर वाढला तर जनरेटरवर बंदी येईल, फक्त लिफ्टपुरता चालेल. ते वाचलं की समोरच्या फाइलीतली अक्षरं विस्कटायची. मी नोटशीटच्या मागे पेन्सिलीने बेरजा करायची. ७१० वजा ८०, टीव्ही बंद. ६३० वजा ४६. एकच बेरीज दहा दहा वेळा, जणू करत राहिलं तर ती कमी होईल.

गुरुवारी दीडच्या सुमाराला ग्रुपवर आलं: 'लाइट गई. डीजी ऑन है.' मी लगेच फोन लावला.

"आला जनरेटर," बाबा म्हणाले. आवाज चांगला होता. "मशीन चालू आहे. ऐक, तो हयातीचा दाखला करून टाकू आज. महिना संपत आला."

निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सरकारला दाखवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची, आता मोबाइलसमोर चेहरा धरला की होतं. बाबांची दर वर्षीची ठरलेली थट्टा होती: "चला, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

"संध्याकाळी मी आले की करू," मी म्हटलं.

"हो. मी तयार राहतो."

'तयार राहतो' याचा अर्थ मला कळायला हवा होता. बाबा बँकेत दाखल्याला जायचे ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सरकारसमोर चुरगळलेलं जायचं नाही, असं त्यांचं होतं. पण माझं डोकं वॅटांत होतं, शर्टात नव्हतं.

सव्वादोनला फोन केला, उचलला नाही. दोन मिनिटांनी परत केला. परत नाही. झोपले असतील, बाथरूममध्ये असतील, फोन दुसऱ्या खोलीत असेल. पाचव्यांदा वाजून थांबला तेव्हा मी पर्स उचलून निघाले होते. साहेबांना सांगितलं की नाही, आठवत नाही. आमच्या फ्लॅटची एक चावी समोरच्या बंगाली आंटींकडे होती. त्यांना लावला, त्याही उचलेनात. गार्डला लावला. तो वर जाऊन बेल वाजवून आला, म्हणाला, "मैडम, कोई खोल नहीं रहा. लाइट तो आ रही है आपके घर में, बेल बजी."

लाइट होती. मग मशीन चालू असणार. मग बाबा का उचलत नाहीत? मंडी हाउसला मेट्रो बदलताना मी जिन्यावर अशी धडपडले, की एका मुलीने न विचारता माझा दंड धरला. गाडीत मी पुन्हा बेरीज करत होते. ७१०. लाइट आहे म्हणजे हजाराच्या आत आहे. हजाराच्या आत आहे म्हणजे मशीनला पुरेल. आकडे सगळे बरोबर होते आणि बाबा फोन उचलत नव्हते. यमुना पुलावर गाडी आली तेव्हा मनात आलं, की आता फोन वाजला तर उचलूच नये. उचलला नाही तर काहीच झालेलं नसेल. एवढी भित्री मी आहे, हे मला त्या पुलावर कळलं.

फोन वाजला. मी उचलला. आंटी होत्या, आंघोळीला गेलेल्या, मिस्ड कॉल बघून धावल्या होत्या. "घबराना मत," त्या म्हणाल्या, म्हणून मी जास्तच घाबरले. "भाईसाहब कुर्सी पे बैठे थे, होंठ नीले थे, बुलाने पे सिर्फ़ हूँ-हूँ कर रहे थे. मशीन बंद पड़ी थी, स्विच ऑफ था. मैंने ऑन कर दिया. अब आँख खोल रहे हैं."

स्विच ऑफ कसा?

मी पोचले तेव्हा बाबा खुर्चीतच होते. नळी नाकात, मशीन चालू. बोटावर ८६. आंटींनी सांगितलं, आधी एकाहत्तर होतं. जेवणाच्या टेबलावर चादरीची घडी, तिच्यावर इस्त्री, बटण बंद केलेलं. खुर्चीच्या पाठीवर पांढरा शर्ट, कॉलरपासून कफांपर्यंत कडक. शेजारी तो मीटर. जनरेटरवर व्होल्टेज पडलेलं, २१२ दाखवत होता.

डॉक्टरांना फोन झाला, ते म्हणाले, नव्वदच्या वर गेलं तर आणू नका, इथे बेड नाहीत. पाचच्या सुमाराला ९१ झालं. आंटी गेल्या. मी बाबांच्या पायाशी स्टूल घेऊन बसले. ओरडायचं नाही, एवढं मी लिफ्टमध्येच ठरवलं होतं.

"मशीन का बंद केलंत?"

"दहा मिनिटांसाठी. इस्त्री करायची होती." ते थांबत थांबत बोलत होते. "तुझी सूचना दोन. सर्वात जास्त वॅटचं आधी बंद करावं. चालू असलेल्यांत तेच होतं."

दिवसभर मी आदेशांमध्ये 'अमुक वगळून' असं लिहिते, दुसऱ्यांच्या मसुद्यांत ते राहिलं तर लाल शाईने घालते. इथे मला ते सुचलंच नव्हतं. जे वगळायचं ते इतकं उघड होतं, की ते लिहायचं असतं हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

"फोन का नाही केलात? सूचना तीन होती की."

"शंका असल्यास. मला शंका नव्हती." मग दम घेऊन, "इस्त्री झाली, बटण बंद केलं. मशीन लावायला उठणार होतो. उठवलंच नाही गं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात कळवलं, की येणार नाही, पगार कापा. सकाळी उजेड बरा होता म्हणून बाबांना तो शर्ट घातला आणि मोबाइल समोर धरला. नळी काढू का, असं ते खुणेने विचारत होते. मी नाही म्हटलं. 'डोळे मिटून उघडा' असं स्क्रीनवर आलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा झालं. सरकारदरबारी माझा बाप जिवंत असल्याची नोंद झाली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाहेर आले तेव्हा बाबा शर्ट काढत होते. खिशात एक घडी घातलेला कागद होता, औषधाच्या दुकानाची पावती. मागच्या बाजूला त्यांचं बारीक अक्षर. आधी इस्त्रीचा रोध काढला होता: ७५० भागिले २३०, ३.२६ अँपिअर, २३० भागिले ३.२६, ७०.५ ओहम. मग जनरेटरचे २१२ व्होल्ट, ३ अँपिअर, ६३६ वॅट. प्रत्येक आकड्यापुढे एकक. खाली बंद असलेले टीव्ही आणि दिवे वगळून सगळ्यांची बेरीज, १२२१. मग 'फ्रीज व हवेचे यंत्र बंद केल्यास १०१४.' मग 'वाय-फायही बंद केल्यास १००४.'

म्हणजे त्यांनी मशीन चालू ठेवायचा प्रयत्न केला होता. कागदावर, एकेक वस्तू कमी करत. चार वॅट जास्त भरले म्हणून त्यांनी तो सोडला, आणि मग सूचना दोन.

त्या ओळीखाली कंसात आणखी एक ओळ होती: '(मशीन ३३० धरल्यास, वाय-फायसह ९७६. परंतु तक्त्यात ३६८.)'

मी ती बेरीज पुन्हा करून बघितली. फ्रीज आणि हवेचं यंत्र बंद केलं असतं, नळी नाकात ठेवून सावकाश इस्त्री केली असती, तरी काही झालं नसतं. चोवीस वॅट शिल्लक राहिले असते. त्यांना ते माहीत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "खरे ३३० आहेत हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मग तसं का नाही केलंत?"

त्यांनी शर्टाची घडी घातली, मांडीवर ठेवली, हाताने सारखी केली.

"समजा, माझं चुकलं असतं आणि लाइट गेली असती," ते म्हणाले, "तर तू परत ओरडली असतीस."